खोली नंबर नऊचा रंग

लालबाग,
१२ जानेवारी २०२५

ती. अप्पा,

गिरण्या गेल्या, मग माणसं इथेच का राहिली?

हा प्रश्न माझा नाही. अकरावीतल्या प्रिती नावाच्या मुलीने तो भर वर्गात विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. उद्योगांच्या स्थानिकीकरणाचा धडा चालू होता. फळ्यावर मी घटक लिहिले होते: कच्चा माल, वाहतूक, मजूर, भांडवल, बाजारपेठ, हवामान. उदाहरण परळ-लालबागचंच घेतलं. कापूस बंदरातून आणि रेल्वेने येत होता, कॉटन ग्रीनला त्याची गोदामं होती, दमट हवेत सूत कमी तुटायचं, मजूर कोकणातून यायचे. म्हणून गिरण्या इथे आल्या. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. तेवढ्यात प्रिती उभी राहिली. म्हणाली, मॅडम, आता कापूस नाही, गिरणी नाही, भांडवल टॉवरमध्ये गेलं. घटक संपले. मग माझे बाबा अजून इथेच का आहेत? वर्ग हसला, मीही हसले आणि उद्या सांगते म्हणाले. त्याला नऊ दिवस झाले.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे ‘मला माहीत नाही’ म्हणायला माझी जीभ अजून उचलत नाही. आई म्हणाली, माझ्या अप्पामामांना विचार, त्यांनी वीस वर्षं गिरणीत कापड विणायचे साचे चालवलेत. ती फोन कर म्हणत होती. पण मागच्या खेपेला तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला ‘पाऊस बरा आसा’ असं उत्तर दिलं होतं, म्हणून लिहिते आहे.

आणखी एक. मुलांकडून आपल्या पेडणेकर चाळीचा नकाशा करून घ्यायचा विचार आहे. पुस्तकात भूमी उपयोजनाचे नकाशे शहराचे असतात, आम्ही खोल्यांचा करू. कोणत्या खोलीत काय चालतं ते रंगाने दाखवायचं. नुसतं राहणं असेल तर पिवळा, दुकान असेल तर निळा, एखादी वस्तू तयार होत असेल तर जांभळा. चाळ पाडून टॉवर बांधायची बोलणी पुढे सरकली आहेत. ती पडण्याआधी इथली माणसं किती काम करत होती हे कुठेतरी लिहिलेलं राहावं असं मला फार वाटतं.

आई बरी आहे. डबे वाढले, आता अठ्ठावीस झाले.

तुमची
देविका


गावठणवाडी, ता. कणकवली
२४ जानेवारी

चि. देविकाला अप्पाचा आशीर्वाद.

पत्र पोस्टमनने दगडूच्या हातात दिलं. दगडूने ते आधी स्वतः वाचून मग मला दिलं. तेव्हा हे उत्तर आम्हा दोघांचं धर. दगडू म्हणजे चाळीतल्या अकरा नंबरवाल्या जयवंताचा बाप. साचेखात्यात तो माझ्या शेजारच्या साच्यावर असायचा, आता गावातही शेजारीच आहे. काजूची बाग आम्ही एकत्र राखतो आणि रोज भांडतो.

तुझ्या पुस्तकातले घटक बरोबर आहेत. पण मी सतराव्या वर्षी मुंबईत आलो तेव्हा कापूस बघितलाही नव्हता. मी आलो कारण माझा थोरला भाऊ नऊ नंबरात चटई टाकून होता. एका खोलीत गावचे अठरा जण. एक पाळी कामावर गेली की तिच्या चटयांवर दुसरी झोपायची. अठरा जणांना जेवायला खानावळ लागली. खानावळीला आपल्याकडचा मसाला लागला. मसाल्याला मिरची लागली, म्हणून मिरचीवाले लालबागेत येऊन बसले. त्यांच्या मागून मिरच्या भाजणाऱ्या बायका आल्या, कुटणारे आले. संप फिसकटला आणि आमचे साचे भंगारात गेले. आमची जीभ काही कोणी भंगारात घेतली नाही. अजून मार्च-एप्रिलात गिरगावातून, ठाण्यातून, वसईतून बायका वर्षाचा मसाला करायला लालबागेतच येतात की नाही? गिरणीच्या मागून आलेलं गिऱ्हाईक गिरणी गेल्यावर घरी गेलं नाही. एवढंच सांग त्या प्रितीला.

माझा मुलगा रघू गेल्यावर मी तुझ्या कमलमामीला म्हटलं, गावाला चल, घर मोठं आहे. सून म्हणून नव्हे, माझी मुलगी म्हणून राहा. ती म्हणाली, अप्पा, तिथे मला सगळे रघूची बायको म्हणतील. इथे मी नऊ नंबरची मसालेवाली कमल आहे. 

नकाशा करशील तर तिचं कांडपाचं मशीन त्यात दाखव. भाड्याची पावती माझ्या नावाची असली तरी काम तिचं आहे. दगडू म्हणतो, माझ्या जयवंताच्या खोलीत काहीच तयार होत नाही, फक्त घोरणं. ते कुठल्या रंगात घालणार?

अप्पा


लालबाग,
२२ फेब्रुवारी

ती. अप्पा,

तुमचं उत्तर मी वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवलं. प्रिती म्हणाली, मॅडम, हे पुस्तकात का नाही? मी म्हटलं, आपण घालू.

नकाशा झाला. सहा फूट लांब आहे. एकोणीस मुलं पाच रविवार चाळीत फिरली. नऊ नंबरात त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण टेप धरणारी दोन मुलं शिंकून शिंकून बाहेर पळत होती. कमलमामीने त्यांना गूळ-पाणी दिलं, मशीन चालवून दाखवलं, बेडगी आणि संकेश्वरी मिरचीतला फरक हातात देऊन सांगितला. प्रितीने तक्ता भरला तेव्हा मामी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, नाव पुरं लिही हां, नाहीतर उद्या लोक मशीनलाच कमल म्हणतील. मग मी मुलांना समजावलं की सुकी मिरची हा कच्चा माल, मसाला हा पक्का माल, मधली प्रक्रिया म्हणजे द्वितीयक व्यवसाय. नऊ नंबर जांभळा झाला. मामीने स्वतः रंग भरला. रेघेबाहेर गेला, पण भरला.

कॉलेजच्या हॉलमध्ये नकाशा लावला त्या दिवशी पुनर्विकासाच्या ऑफिसातले दोन गृहस्थही आले होते. बराच वेळ उभे राहून त्यांनी पाहिला. म्हणाले, मॅडम, इतकं बारीक काम आमच्या सर्व्हेवाल्यांनीसुद्धा केलेलं नाही. त्यांनी प्रत मागितली. दुसऱ्या दिवशी मी नकाशा आणि खोलीवार तक्ता दोन्ही त्यांच्या ऑफिसात नेऊन दिले. त्यांनी चहा पाजला. घरी चालत येताना मला फार बरं वाटत होतं. वाटलं, माणसं घरात काम करतात हे धरून कोणीतरी नवी इमारत आखेल. तसं झालं तर अप्पा, माझ्या शिक्षणाचं काहीतरी झालं असं मी म्हणेन.

देविका


गावठणवाडी
८ एप्रिल

चि. देविका,

तुझं पत्र पोचलं होतं, उत्तर लिहायचं राहिलं. आता वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितो.

तुझ्या मामीचा फोन शेजारच्या सूनबाईने घेतला आणि माझ्या कानात ओरडून सांगितला. त्यामुळे मला कळायच्या आधी वाडीला कळलं. नऊ नंबरवर नोटीस लागली आहे. खोली राहायला दिलेली होती, तिथे परवानगीशिवाय कारखाना चालवला, म्हणून नव्या इमारतीत घर मिळणाऱ्यांच्या यादीतून नाव वगळलं. चौकशी होईपर्यंत मशीन बंद. ऐन हंगामात. मामीच्या दारात गिऱ्हाइकांच्या मिरच्या पोत्यांत पडून आहेत म्हणे.

नोटिशीत मशीन दाराच्या डाव्या हाताला, दोन हॉर्सपॉवरचं, असं लिहिलंय. किती फुटांवर तेसुद्धा. इतकं बारीक बाहेरच्या माणसाला कसं समजेल? जयवंत गेल्या वर्षापासून टॉवर बांधणाऱ्या त्याच बिल्डरकडे सुपरवायझर आहे. त्याचा रोज मामीच्या दारावरून जाण्याचा रस्ता. मी दगडूला विचारलं. तो म्हणाला, माझा मुलगा असं करणार नाही. मग कोण करणार, मी?

शनिवारी देवळात गाऱ्हाणं घातलं. तू मुंबईत वाढलीस, तुला ठाऊक नसेल. नारळ ठेवून गुरव सगळ्या वाडीसमोर देवीला मोठ्याने सांगतो आणि लोक होकार भरतात. मी सांगितलं तसं गुरवाने म्हटलं: ज्याने कमलच्या डोक्यावरचं छप्पर काढलं, त्याच्या डोक्यावर छप्पर राहू देऊ नको. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. दगडूही म्हणाला. पण खाली बघून म्हणाला, ते मी पाहिलं.

तू शिकलेली आहेस. नोटीस नीट वाचून मला काय ते लिही.

अप्पा


लालबाग,
१७ एप्रिल

ती. अप्पा,

नोटीस वाचली. भाषा कायद्याची आहे. मूळ वापरात बदल झाला असा मुद्दा आहे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळणार आहे. अजून अंतिम काही झालेलं नाही, तेव्हा काळजी करू नका.

माहिती कुठून मिळाली हे निश्चित सांगता येत नाही. अशा कामात सर्वेक्षणं बरीच होत असतात. जयवंतदादावर संशय घेऊ नये असं मला वाटतं. तो तसा नाही. तो ज्या जागेवर सुपरवायझर आहे ती वरळीला आहे, या चाळीच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

गाऱ्हाणं मागे घेता येतं का? येत असेल तर घ्या.

मामीकडे जाणं झालं नाही. पेपर तपासणं चालू आहे.

देविका


गावठणवाडी
२९ एप्रिल

चि. देविका,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. सरकारी पत्रासारखं लिहिलंयस. आधी राग आला, मग कळलं. तुला गाऱ्हाण्याची लाज वाटते. शिकलेल्या मुलीला वाटणार. तुझ्या बरोबरीच्या शिक्षिकांना कळलं की हिचे आजोबा देवळात शाप देतात, तर काय म्हणतील. आणि दोन मजले खाली उतरायला तुला वेळ नाही म्हणतेस, तेही मी समजतो. मामीचं तोंड बघवत नसेल. तुझं मन मऊ आहे, लहानपणापासून.

पण मागे घेणार नाही. दगडू बागेत यायचा बंद झाला आहे. बिया गळून पडतात, मी एकटा वेचतो, अर्ध्या माकडं नेतात. देवळातही येत नाही. परवा त्याच्या दारावरून जात होतो तर त्याची बायको शेवंती अंगण झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, “अप्पानु, जयवंतान नोकरी सोडल्यान. बापाशीच्या तोंडाखातर.” माझ्या कानाला एरवी ढोल ऐकू येत नाही, हे स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, मनात काही होतं म्हणूनच सोडली असेल. ती आत गेली.

मामीची सुनावणी अठ्ठावीस मेला आहे. तिच्याबरोबर तू जा. मला ऐकू येत नाही, मी येऊन काय करू? तू भूगोलाची बाई आहेस. त्यांना चार लोकांत विचार, आमच्या घराला कारखाना म्हणायचं हे ठरवलं कोणी?

अप्पा


लालबाग,
९ मे

ती. अप्पा,

मी ठरवलं.

तुमच्या घराला कारखाना मी म्हटलं. नोटिशीला जोडलेला कागद आमच्या तक्त्याची झेरॉक्स आहे. ‘दाराच्या डाव्या हाताला’ हे प्रितीचं अक्षर आहे, आणि खाली मार्गदर्शक शिक्षिका म्हणून माझी सही. सतरा एप्रिलला तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा तो कागद माझ्यासमोर टेबलावर होता. पेपर तपासून केव्हाच झाले होते. जाता-येता मामी दिसू नये म्हणून मी मागच्या जिन्याने ये-जा करत होते. जयवंतदादा वरळीला असतो हे खरं आहे, पण मी खरं तर हे लिहायला हवं होतं की त्याने केलं नाही हे मला ठाऊक आहे आणि कसं ठाऊक आहे. ते मी लिहिलं नाही.

तुमच्या पत्रात त्याने नोकरी सोडल्याचं वाचेपर्यंत मला वाटत होतं की हे प्रकरण आपोआप निवळेल, सुनावणीत एखादा साहेब म्हणेल, ही तर शाळेतल्या पोरांची चित्रकला आहे. मी वर्गात मुलांना सांगते की नकाशा हा कधीच नुसता कागद नसतो, तो कोणाच्या हातात आहे ते बघा. हे वाक्य मी दरवर्षी लिहून देते. चहा पीत असताना मला ते आठवलं नाही.

चूक कुठे झाली त्याचा मी खूप विचार केला. मामीचं मशीन फेब्रुवारी ते मे चालतं. उरलेले आठ महिने त्याच्यावर चादर घालून ती त्यावर देव मांडते. त्याच खोलीत ती राहते, जेवते, झोपते. रघुमामा त्याच खोलीत गेले. मी खोलीला एकच रंग दिला, कारण पुस्तकात एका जागेला एकच रंग असतो. अर्धी पिवळी ठेवायची असं प्रितीने सुचवलंही होतं. मी म्हटलं, नकाशा स्वच्छ दिसला पाहिजे.

काल मामीकडे गेले. मशीनला सील आहे, तरी ती जमिनीवर बसून मिरच्यांचे देठ काढत होती. दुसरं काय करू, म्हणाली, हात थांबत नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही. पुढचा देठ मोडून म्हणाली, “रंग तर मीच भरला होता ना गं.” मला वाटलं होतं ती ओरडेल.

जयवंतदादालाही सांगितलं. नोकरीचं सोड, म्हणाला, दुसरी बघेन. बाबांना सांग.

म्हणून अप्पा, हे पत्र तुम्ही दगडूआजोबांना द्या. गाऱ्हाणं ज्याच्यावर घातलं ती मी आहे. देव काही करत नाही असं मी मानते. तरी आठ एप्रिलचं पत्र आल्यापासून मी रोज आमच्या खोलीच्या आढ्याकडे बघते.

देविका


गावठणवाडी
१८ मे

चि. देविका,

पत्र या वेळी पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. वाचून झाल्यावर दोन दिवस तसाच बसलो. तुझ्या आईच्या लग्नात मी तिला सोडायला गेलो होतो तेव्हापासून आजवर तिच्या घरातल्या कोणावर मी आवाज चढवलेला नाही. या वेळी चढवला असता. तू समोर नव्हतीस ते बरं झालं.

मग दगडूच्या खळ्यात गेलो आणि पत्र त्याच्याकडे दिलं. त्याने चष्मा पुसला, सावकाश वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाला, “पोरीन खरा सांगल्यान. तू वाडीसमोर कधी सांगतलस?”

काल देवळात गेलो. गुरव म्हणाला, घातलेलं गाऱ्हाणं पुसता येत नाही, त्याच्यावर दुसरं घालावं लागतं. मी म्हटलं, घाल. मी खोटा आळ घेतला, दगडूवर आणि त्याच्या मुलावर, हे वाडीसमोर सांग. त्याने सांगितलं. या वेळी व्हय म्हाराजा म्हणायला लोकांना जरा वेळ लागला. गुरवाने विचारलं, मग केलं कोणी ते नाव घालू का? मी नको म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या बहिणीच्या नातीच्या डोक्यावरचं छप्पर जावं असं मी माझ्या तोंडाने मागितलं होतं, हे त्याला कुठे सांगत बसू?

दगडू आज बागेत आला. बोलत नाही, पण बिया वेचतो.

एक गोष्ट मला समजली नाही, ती विचारतो. नकाशा मी पाहिलेला नाही. तुझी आई मामीच्याच मसाल्यात अठ्ठावीस माणसांचं जेवण शिजवते. तिची खोली तू कुठल्या रंगाची केलीस?

अप्पा


लालबाग,
२७ मे

ती. अप्पा,

पिवळी.

कोणाच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले होते. प्रितीच्या आलं होतं. तक्ता भरताना तिने विचारलं, मॅडम, बावीस नंबर? मी म्हटलं, ते घर आहे. ती म्हणाली, पण तुमची आई डबे विकते ना? मी म्हटलं, स्वयंपाक हे घरकाम आहे, ते यात मोजत नाहीत. आठवडाभर आधी मीच फळ्यावर लिहिलं होतं की घरच्यांसाठी केलेलं काम मोजत नाहीत, विकण्यासाठी केलेलं मोजतात. प्रितीने वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिवळा खडू उचलला. त्या वेळी मला बिल्डरची भीतीही नव्हती. कॉलेजच्या हॉलमध्ये लागणाऱ्या नकाशात माझं घर खानावळ दिसू नये, एवढंच मला वाटलं असावं. दुसरं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आईला सगळं सांगितलं. बावीस नंबर तिच्या नावावर आहे, ती पात्र यादीत आहे, करारावर सही करायची तारीख दोन जूनला आहे. मला वाटलं ती म्हणेल, झालं ते झालं, आता आपलं घर तरी सांभाळ. ती डब्यांची झाकणं पुसत होती. म्हणाली, “म्हणजे वीस वर्षं मी पहाटे उठते ते काय होतं? तुझ्या पुस्तकात ते कशात येतं?” मी म्हटलं, तृतीयक व्यवसायात येतं आई. सेवा. “मग तिथे का नाही घातलंस?”  त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अठ्ठावीस डबे वेळेवर गेले, माझं ताटही रोज झाकून ठेवलेलं असायचं.

तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, काय लिहायचं ठरवलंयस ते वाचून दाखव. मी दाखवलं. त्यात मी लिहिलं आहे की हा नकाशा अकरावीच्या मुलांना व्यवसायांचे प्रकार समजावेत म्हणून केला, खोलीचा वापर सिद्ध करायला नाही. नऊ नंबर हे राहतं घर आहे, तिथे वर्षातले चार महिने कांडप चालतं, आणि दोन्ही गोष्टी दाखवणारा रंग मी वापरला नाही. नकाशा करणारीने स्वतःचं घर त्यातून वगळलं आहे. बावीस नंबरात रोज अठ्ठावीस डबे तयार होऊन विकले जातात. तेव्हा नऊ नंबर कारखाना ठरत असेल तर बावीस नंबर खानावळ ठरते, आणि बावीस नंबर घर असेल तर नऊ नंबरही घर आहे. दोन्ही खोल्यांना एकच माप लावावं.

आई म्हणाली, यात मसाला कमलचा असतो ते लिही. कशाला, असं मी विचारलं. “तिचं मशीन बंद झालं तर माझे डबे बंद होतात. हे साहेबाला कळायला नको?” मी वर्गात उद्योगांचं परस्परावलंबन शिकवायला दोन तास घेते. तिचं वाक्य तसंच घातलं.

प्रितीला घरी बोलावून तिचा प्रश्न बरोबर होता हे सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं मॅडम, पण तुमचंच घर होतं म्हणून मी बोलले नाही. अप्पा, सोळा वर्षांच्या मुलीला मी हे शिकवलं. प्राचार्यांनाही अर्जाची प्रत दिली. माझी नेमणूक कंत्राटी आहे, पुढच्या वर्षीचं ते जूनमध्ये कळवतील.

अर्जावर आईने सही केली, तिच्याखाली मी. आज मंगळवार, सुनावणीच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघी तो त्या ऑफिसात घेऊन गेलो. खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला, यादी काढून बघितली आणि आम्हाला समजावून सांगू लागला की बावीस नंबर क्लिअर आहे, तुम्ही उगाच कशाला उकरून काढता, हे एकदा आत गेलं की परत काढता येणार नाही.  आई पुढे झाली. म्हणाली, “शिक्का मार बाबा. मला दुपारचे डबे पोचवायचेत.”

त्याने शिक्का मारला, आणि यादीत बावीस नंबरसमोर पेन्सिलीने फुली केली.

देविका